दोऱ्याने कापलेला टोमॅटो

सुनेने बाहेरून कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि ती कामाला गेली. आत राहिले तिचे सासरे, जन्मभर कपडे शिवलेले टेलरमास्तर. आता तुम्ही म्हणाल, काय कैदाशीण सून आहे. तसं नाही हो, जीव लावणारी पोर. पण मध्यंतरी मास्तर गॅसवर पातेलं ठेवून विसरले, शेजारच्या पडद्याने पेट घेतला, आणि तेव्हापासून ती ताकही फुंकून प्यायला लागली. गॅसचं रेग्युलेटर, सुऱ्या, इस्त्री, मास्तरांची कात्रीसुद्धा, सगळं कपाटात बंद. मुलगा दूर नोकरीला, तो फोनवर बायकोचीच री ओढायचा. तक्रार करायची तर कुणाकडे? आपलेच दात, आपलेच ओठ.

रोज डब्यात मऊ भात. मास्तरांना त्याचा वीट आला होता. आज त्यांनी मनाशी ठरवलं, असं सँडविच करायचं की खाऊन सुनेने आपणहून त्या कपाटाची किल्ली हातात ठेवावी.

खिडकीत ऊन होतं. तिथे लोणी मऊ व्हायला ठेवलं, शेजारी ब्रेड पसरला. त्याच्या कडा हळूहळू कुरकुरीत झाल्या. उकडलेली अंडी फ्रिजमध्ये होतीच. पण टोमॅटो कापायचा कशाने? शिवणाचा डबा तेवढा सुनेच्या नजरेतून सुटला होता. मास्तरांनी बटणाचा जाड दोरा बोटांना गुंडाळून ताणला, टोमॅटोच्या सालीला नखाने खाच पाडली आणि दोरा करवतीसारखा ओढला. चकती सुटली, पातळ आणि एकसारखी. अंड्याचं तर विचारूच नका. मिरी वाटीच्या बुडाने चेचली, कोथिंबीर हाताने खुडली. लोणी अगदी कडेपर्यंत लावलं, कारण कोपरा कोरडा राहिला की मास्तरांना ते उसवलेल्या शिवणीसारखं खुपायचं.

पहिला घास घेतला आणि म्हातारा डोळे मिटून उभाच राहिला. आधी कुरकुरीत कड, मग गार टोमॅटो, मग मागून सावकाश येणारी मिरी. कित्येक दिवसांनी दातांना काम मिळालं होतं. माणसात आल्यासारखं वाटलं त्यांना.

संध्याकाळी सून दमूनभागून आली. मास्तरांनी बशी पुढे केली. तिने पर्स खांद्यावर असतानाच एक घास घेतला आणि मग खुर्ची ओढून बसली.

"बाबा, हे मागवलंत कुठून?"

"मागवतोय कसला? दाराला कुलूप तुझं."

ती हसली. "इतकं छान मी कधी खाल्लं, आठवत नाही. अजून आहे?"

मास्तर आता किल्लीचा विषय काढणार, एवढ्यात तिने विचारलं, "पण कापलंत कशाने?"

अहो, इथे गप्प बसायचं होतं. पण कारागिराचं कौतुक झालं की त्याची जीभ कुठली थांबते? मास्तरांनी डबा आणला आणि दोरा ताणून दाखवला. तिला आधी दिसलं ते त्यांचं बोट. त्यावर दोऱ्याची लाल चीर होती.

"रक्त आलंय, बाबा."

"अगं, शिंप्याच्या बोटाला एवढं चालायचंच."

तिने बोट धुतलं, औषध लावलं, फुंकर घातली. राहिलेला तुकडा चवीने संपवला. मग शिवणाचा डबा उचलला, कपाट उघडलं, कात्रीशेजारी ठेवला आणि किल्ली फिरवली.

"उद्या तुमच्या भातात थोडी मिरी घालते हं," ती मायेने म्हणाली.