एक मेची पहिली ओळ

मी एक जुना सागवानी फळा आहे. मित्रांनो, दहिवलीतल्या एका वाचनालयाच्या दाराशी मी टांगलेला असतो आणि माझ्यावर रोज सकाळी दिनविशेष लिहिला जातो. खरं सांगू का, खडू हातात घेणाऱ्या कुणावरही माझा विश्वास नाही. एकाने तर धडधाकट माणसाची पुण्यतिथी माझ्यावर लिहून ठेवली होती. दुपारी तोच माणूस पेपर वाचायला आला.

हल्ली वाचनालयात काम करणारा किशोर लिहितो. मोबाईलमध्ये बघतो आणि उतरवतो. यंदा एक मेला त्याने लिहिलं: १९६०, महाराष्ट्र राज्याची स्थापना. १९६२, जिल्हा परिषदा सुरू. १९८१, सिंधुदुर्ग जिल्हा. प्रत्येक ओळीकडे मी संशयानेच पाहिलं. शेवटी त्याने वाचनालयाच्या स्मरणिकेतली ओळ घेतली: '१ मे १९६० रोजी गुरुजींनी या फळ्यावर पहिला दिनविशेष लिहिला.'

साफ खोटं. वाचनालय सुरू करणाऱ्या गुरुजींनी नुसता मजकूर सांगितला. लिहिलं गावातल्या चंदरने, कारण पंचक्रोशीत त्याच्यासारखं अक्षर कुणाचं नव्हतं. त्याची सात वर्षांची पोर गंगा खडूचा डबा धरून उभी होती. आता ती गंगाबाई झाली आहे. दरवर्षी एक मेला येते, बापाचं नाव लिहायला सांगते आणि पुरावा नाही म्हणून हात हलवत परत जाते.

यंदाही आली. तिने ओळ वाचली.

"माझ्या बापाचं अक्षर व्हतं ते. तसं लिव."

"आत्या, पुरावा काय हाय?"

"तुझ्या मोबाईलला तरी कोन सांगतं रं? कधी इचारलंस?"

किशोरने मोबाईल खिशात टाकला. आता हा तिला गोड बोलून वाटेला लावणार, अशी माझी खात्री होती. पण त्याने ओळ पुसली आणि लिहिलं, 'पहिला दिनविशेष चंदर यांच्या हातचा, असे त्यांची कन्या गंगाबाई सांगतात. त्या तेव्हा इथे हजर होत्या.' माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डस्टर घेऊन आला, तर गंगाबाई दारातच. त्याचा हात उठेना.

"पूस रं," ती म्हणाली. "रोजचं रोज पुसायचंच हाय. पन फुडच्या साली मी नसंन, तर तू सांग."

किशोरने मान हलवली आणि मला स्वच्छ पुसलं. पण नुसत्या मान हलवण्यावर मी विसंबत नाही. मित्रांनो, पुढच्या एक मेला तुम्ही या. गंगाबाई नसली आणि किशोर विसरला, तर तुम्ही सांगा. आता तुम्हालाही माहीत आहे.