बाईंनी शिकवणी थांबवली नाही

माझ्या झाकणावर हल्ली इस्त्रीचे कपडे ठेवतात, त्यामुळे पाहुण्यांना मी टेबलच वाटतो. पण मित्रांनो, मी एक जुना पियानो आहे. एका म्हाताऱ्या सुताराने मला अक्रोडाच्या लाकडातून घडवलं आणि पुढची चाळीस वर्षं मी बाईंच्या पुढच्या खोलीत, खिडकीशेजारी काढली. बाई संगीत शिकवायच्या. किती कच्ची बोटं माझ्यावर पक्की झाली, त्याची गणती नाही!

एका वर्षी बाईंच्या यजमानांना अर्धांगाचा झटका आला. घड्याळं दुरुस्त करता करता दिवसभर गप्पा छाटणारा तो माणूस आतल्या खोलीत पडून राहिला. वाचाच गेली. त्यांची बहीण मदतीला आली. पहिल्याच दिवशी तिने बाईंना टोकलं, "वहिनी, घरात एवढं दुखणं, आणि तुमचं टिंगटिंग चालूच? लोक तोंडात शेण घालतील."

"शिकवणी बंद केली तर दिवसभर यांच्या तोंडाकडे बघत बसेन मी, वन्सं. ते यांनाच सोसायचं नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी फक्त मधलं दार उघडं ठेवलं.

यजमानांना औषध पाजायचं, ओले हात पुसायचे आणि माझ्याजवळ येऊन बसायचं, असा त्यांचा दिवस. मुलांवर आवाज कधी चढला नाही. पण चौथ्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, "आता बोलण्याची आशा धरू नका."

त्याच दुपारी एक निवृत्त पोस्टमन शिकायला आले होते. त्यांची बोटं म्हणजे मुसळंच! काळी पट्टी हवी तिथे त्यांनी पांढरी दाबली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही. बाईंची नजर माझ्यावर होती, पण मन थाऱ्यावर नव्हतं.

तेवढ्यात आतून आवाज आला. घोगरा, वैतागलेला.

"का...ळी!"

पोस्टमनचे हात हवेतच राहिले. बाई दाराशी धावल्या. यजमान उशीवरून मान उचलून पाहत होते. चार महिन्यांनी त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला होता! बाई रडल्या, हसल्या, मग मागे वळून म्हणाल्या, "पोस्टमनभाऊ, पुन्हा एकदा चुका बघू!"

ते गृहस्थ अगदी जीव ओतून चुकले.

यजमान पुढे सहा वर्षं जगले. अडखळत का होईना, बोलले. आज दोघंही नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं वाद्य मुकं पडलं असेल, तर धूळ पुसून ते जरा वाजवा. सूर चुकला तरी चालेल, पण दार लोटून घेऊ नका. घरात कुणीतरी ऐकत असतं.