समेवरचा फोटो

शुभाताईंनी ठाण्यात निम्म्या गल्लीतल्या मुलींना गाणं शिकवलं आणि त्यांच्या पोटच्या पोरीला, विनिताला, साधी टाळी धड वाजवता येईना. आरतीतसुद्धा तिची टाळी सगळ्यांच्या मागून एकटीच यायची. "हिच्या कानात ताल शिरतच नाही," असं शुभाताई आल्यागेल्याला हसत हसत सांगायच्या आणि विनिताही हसायची. मनातून मात्र तिला ते लागायचं, चांगलंच लागायचं.

त्या लेकीकडे ऑकलंडला राहायला आल्या होत्या आणि परत जायच्या आधीच्या शनिवारी, संध्याकाळी, तिथल्या माउंट रॉस्किल भागातल्या हॉलमध्ये त्यांचं गाणं ठरलं होतं. जन्म शिकवण्यात गेला, स्टेजवर त्या कधी बसल्याच नव्हत्या. गुडघ्यांमुळे ठाण्यातच राहिलेल्या बाबांनी फोनवर एवढंच मागितलं होतं, "तिचा गातानाचा एक चांगला फोटो पाठवा."

मागणी साधी होती, पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईला झगझगीत दिवे सोसत नसत, म्हणून स्टेजवर दोनच पिवळे दिवे. हॉलमध्ये ज्योत पेटवायला बंदी, त्यामुळे समईतही बॅटरीच्या वाती. आणि पाडव्याला घरी गाताना जावयाने, सुमेधने, फ्लॅश मारल्यावर त्या पुढची ओळच विसरल्या होत्या. "पुन्हा चमकलं ना, तर मी उठून जाईन," असं त्यांनी बजावून ठेवलं होतं.

"नो वरीज, आई. फ्लॅश नाही मारणार," सुमेध म्हणाला. नवा डिजिटल कॅमेरा गळ्यात अडकवून तो सकाळपासून मिरवत होता. विनिताला त्याने समजावलं, "अंधारात शटर जास्त वेळ उघडं राहतं, हललेलं सगळं पुसट येतं. आई गाताना हात हलवतातच. पण समेवर, ताल फिरून पहिल्या मात्रेवर आला की, हात खाली येऊन क्षणभर थांबतो. तिथे क्लिक करायचं." तो लहानपणी तबला शिकलेला, त्यामुळे सम चुकायचा प्रश्नच नव्हता.

यमन झकास झाला. मध्यंतरात चहाचे कप हातात घेऊन दोघांनी कॅमेऱ्याच्या मागच्या चिमुकल्या पडद्यावर फोटो पाहिले. सगळे हललेले. आई हललेली, तबल्यावरचा गुरुदत्त हललेला, स्टेजच्या मागचा पडदासुद्धा हललेला.

"पडदा कसा काय हलला? तो काय गात होता?" विनिताने विचारलं आणि एकदम तिला हसू फुटलं. "अरे, समेवर तू मान डोलावतोस! कॅमेऱ्यासकट! मी मागून बघत होते ना."

"मग काय दगडासारखा बसू? इतकी सुंदर सम येते आणि..." तो थांबला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. समेवर दगडासारखं बसू शकेल असं त्या हॉलमध्ये एकच माणूस होतं.

"मला कुठे कळते सम?" विनिता घाबरली.

"मी खांद्यावर बोट मारीन. तू फक्त बटण दाब."

बागेश्री सुरू झाला. बोट लागून बटण दाबेपर्यंत आईचा हात पुन्हा वर गेलेला असायचा. थोड्या वेळाने बोट यायचंच थांबलं. विनिताने वळून पाहिलं तर नवरा डोळे मिटून डोलत होता. आता हा फोटो हुकला तर बाबांना काय सांगायचं?

तिने पुन्हा कॅमेऱ्यातून पाहिलं. भिंगात आईचा चेहरा मोठा दिसत होता. डावी भुवई वर गेली, मग हात खाली आला आणि गुरुदत्तची मान लवली. पुढच्या खेपेलाही तसंच. अरेच्चा! ही भुवई तर तिच्या रोजच्या ओळखीची. लहानपणी ओरडा बसायच्या आधी ती अशीच वर जायची आणि विनिताला टेबलाखाली पळायला जेमतेम वेळ मिळायचा. मात्रा तिने आयुष्यात मोजल्या नव्हत्या. भुवई मात्र कधीच चुकली नव्हती. तिने श्वास रोखला, भुवई उठली आणि तिने बटण दाबलं.

गाणं संपलं. हॉलची किल्ली परत द्यायची म्हणून मंडळी खुर्च्या एकावर एक रचत होती. "बघू फोटो," शुभाताई चष्मा लावत म्हणाल्या. पडद्यावर त्या स्वच्छ, ठळक दिसत होत्या. तळहात उघडा, गुरुदत्तचा हात तबल्यावर टेकलेला, पुढच्या रांगेतल्या माना लवलेल्या.

"अगंबाई, ही तर सम! अगदी नेमकी पकडलीत हो, सुमेधराव."

"मी नाही, आई. मी तर डोळे मिटून ऐकत होतो. विनिताने काढलाय."

शुभाताईंनी लेकीकडे पाहिलं. आता काहीतरी थट्टा होणार म्हणून विनिता हसायच्या तयारीत होती. पण शुभाताई वळल्या आणि हातात खुर्च्या घेतलेल्या सगळ्या मंडळींना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ऐकलंत का? माझ्या विनिताने सम पकडली!"

विनिताचे डोळे भरून आले. "अजून आहेत, आई," ती कसंबसं म्हणाली.

"दाखव सगळे." शुभाताईंनी रचलेल्यांतल्या दोन खुर्च्या खाली काढायला लावल्या, लेकीला शेजारी बसवून घेतलं आणि प्रत्येक फोटोला तिच्या मांडीवर थाप देत म्हणत राहिल्या, "आली! ही पण आली!"