उरलेली अर्धी गोळी

बशीत अर्धी गोळी... तुटलेल्या बाजूने खडबडीत, दुसऱ्या बाजूने गोल, आणि एवढीशी की फुंकर मारली तर कपाटाखाली जाईल. तिची जोडीदारीण काल संध्याकाळी बायकोच्या पोटात गेली होती. ही मागे राहिली होती आणि सकाळपासून मास्तर तिच्याकडे बघत होते. के जीवनसत्त्वाची गोळी. रक्त गोठायला लागतं ते. अर्धीच द्यायची, डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आणि आज पुन्हा रक्त तपासून आकडा कळेपर्यंत बाकीच्या गोळ्यांना हात लावायचा नाही. पस्तीस वर्षं शाळेत कवायत शिकवलेल्या माणसाला हुकूम कळत नाही असं थोडंच आहे? पण सगळा जन्म हुकूम देण्यात गेला, पाळायचा सराव कुठे होता...

आठ वर्षांपूर्वी बायकोच्या हृदयात धातूची झडप बसवली. खोलीत शांतता असली की तिची टिकटिक ऐकू येते. झडपेवर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज, जन्मभर. पालेभाजीत हेच के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते त्या गोळीच्या आड येतं, एवढं मास्तरांनी ऐकलं मात्र, त्याच दिवशी पालक, कोबी, कोथिंबीर सगळ्यांना घराचा दरवाजा बंद झाला. स्वयंपाकघर त्यांनी स्वतःच्या ताब्यात घेतलं. ती म्हणाली होती, अहो, दवाखान्याच्या कागदावर ‘रोज सारख्याच प्रमाणात’ असं लिहिलंय, ‘बंद’ नाही लिहिलेलं. मास्तरांचं म्हणणं, शून्य हेही रोज सारखंच प्रमाण आहे.

आणि गेल्या आठवड्यात तिची दाढ सुजली. दाताच्या दवाखान्यातून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणल्या. रक्त पातळ करणाऱ्या औषधाचं तिथे सांगायचं राहून गेलं... राहून गेलं म्हणजे काय, सांगायचं मास्तरांनीच होतं. पाच दिवस ती दुधात भिजवलेल्या पावावर होती. काल सकाळी चूळ भरली ती लाल. दुपारी नाकातून रक्त आलं, वीस मिनिटं थांबेना, आणि दंडावर, कुठे आपटलेलं नसताना, निळा डाग. तपासणीत रक्ताच्या पातळपणाचा आकडा आला नऊ. असायला हवा तीनच्या आसपास.

के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देऊन एकदाचं मिटवून का टाकत नाही, असं त्यांनी विचारलं होतं. डॉक्टरीणबाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या, पण शांत. रक्तस्राव मोठा असता तर सलाईनमधून, अगदी सावकाश, डोळ्यांत तेल घालून दिलं असतं, म्हणाल्या. इथे गरज तेवढी नाही. जास्त दिलं तर रक्त दाट होईल, पातळ करणाऱ्या गोळीला पुढे कितीतरी दिवस दाद देणार नाही आणि झडपेवर गुठळी होईल. इकडे आड, तिकडे विहीर. मग बाईंनी विचारलं, जेवणात काही बदल? मास्तर ताठ होऊन म्हणाले, आमच्या घरात आठ वर्षांत पालेभाजीचं पान आलेलं नाही. बायको खिडकीबाहेर बघत होती.

आज सकाळी आठ वाजता पुन्हा रक्त देऊन आले. निकाल दुपारी एकला. ती झोपली, आणि तिच्या उशीच्या अभ्र्यावर मास्तरांना डाग दिसला. रुपयाएवढा. कालचा की आत्ताचा? अभ्रा काल रात्री बदलला होता का? आठवेना, आठवेना... मैदानावर ते दहा फेऱ्या सांगायचे आणि अकरावी मारून घ्यायचे. एक जास्तीची झाली म्हणून कुणाचं वाकडं झालं नव्हतं. मग अर्धी जास्तीची? माणूस रक्ताने उशी भिजवतोय आणि आपण बशी राखत बसायचं?

बशी एका हातात, पेला दुसऱ्या हातात, असे ते पलंगाशी उभे राहिले. तिचं तोंड जरासं उघडं होतं. टिक... टिक... आठ वर्षांत हा आवाज त्यांनी इतका ऐकला होता की तो बंद पडेल ही कल्पनाही त्यांनी कधी केली नव्हती—आणि आता केली. बंद पडेल तो आपल्या हातातल्या या गोळीने. त्यांनी बशी खाली ठेवली. मास्तर घाबरले होते, काल घाबरले त्याहून कितीतरी जास्त, कारण काल निदान निर्णय दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होता.

त्यांनी दवाखान्यात फोन लावला. परिचारिकेने घाई न करता विचारलं: डाग लाल की तपकिरी? तपकिरी. ओला की वाळलेला? वाळलेला. हिरड्यांतून, नाकातून आता येतंय? नाही. डोकं दुखतंय, शौचाला काळं झालं? नाही, नाही. मग काही देऊ नका, म्हणाली, एकला या, नवं रक्त दिसलं तर लगेच या. एवढंच. घरात बसून स्वतःशी झुंजण्यापेक्षा विचारणं इतकं सोपं असतं, हे मास्तरांना साठीनंतर कळत होतं.

दुपारी दवाखान्यात आकडा आला तीन पूर्णांक चार.

मास्तरांनी तो डॉक्टरीणबाईंकडून दोनदा वदवून घेतला आणि मग खुर्चीत असे बसले, की ताठ कण्याचा माणूस म्हणून कुणी ओळखलं नसतं. डोळे भरून आले ते त्यांनी पुसलेही नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त पातळ करणारी गोळी आज रात्रीपासून पुन्हा सुरू, चार दिवसांनी तपासणी. पण नेहमीचा डोस ठरवायचा तर नेहमीचं जेवण मला खरंखरं कळायला हवं.

बायकोने पदर सारखा केला. “वरच्या मजल्यावरच्या शिवणबाईंकडे जाते मी. रोज दुपारी,” ती म्हणाली. “वाटीभर पालेभाजी खाते. पहिल्या वर्षापासून. दाढ दुखायला लागल्यावर नाही गेले, तेवढंच.”

मास्तरांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

“म्हणजे तुमचा डोस त्या वाटीसकट बसवलेला होता,” डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. “वाटी थांबली, वर अँटिबायोटिकने त्या गोळीचा जोर वाढवला. वाटी चालू ठेवा. रोज तेवढीच.”

रस्त्याने परतताना मास्तर दोन पावलं पुढे चालत होते. राग यायला हवा होता, आणि आला नाही असं नाही—आठ वर्षं, रोज, डोक्यावरच्या मजल्यावर! मी पहारा देत होतो तो कशाचा? पण रागाच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं, हलकं, लाज वाटावी इतकं हलकं. तिला जगवणारे ते एकटे नव्हते. एकटे कधीच नव्हते. शिवणबाई होती, तपकिरी की लाल विचारणारी ती पोरगी होती, आणि मुख्य म्हणजे ती स्वतः होती, मुकाट्याने स्वतःचं बघणारी.

“रागावलात?” तिने विचारलं.

“सांगायचं तरी.”

“सांगितलं होतं. तुम्ही शून्य म्हणालात.”

मास्तर थांबले. कोपऱ्यावरचं भाजीचं दुकान उघडं होतं, जुड्यांवर नुकतंच पाणी मारलेलं. आठ वर्षांत त्यांनी तिला हा प्रश्न विचारलाच नव्हता, त्यामुळे तो तोंडातून निघाला तो अडखळतच.

“तुला... काय आवडतं यातलं?”

आणि तिने उत्तर द्यायच्या आतच त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला खरंच माहीत नाही.