अण्णांचं चांदिंगळ

माझे सासरे हयवदनराव बेंगळूरच्या कोर्टात दुभाषी होते. सगळं घर त्यांना अण्णा म्हणायचं, म्हणून मीही. साक्षीदार कन्नड बोलो, तमिळ बोलो की उर्दू, त्याचं म्हणणं ते इंग्रजीत न्यायाधीशांपुढे ठेवायचे. घरी आले की मराठी, तीही बेंगळूरची. 'स्वल्प पाणी दे गं' असली. मी बेळगावची. लग्न होऊन बेंगळूरला बसवनगुडीत आले तेव्हा त्या मराठीची मला मोठी गंमत वाटायची.

निवृत्तीनंतर वर्षभरातच, १९५८ साली, अण्णांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण बोलणं बिघडलं. डोक्यात सगळं लख्ख असायचं, शब्द मात्र दोन भाषांचे गुंतून बाहेर पडायचे. कन्नडमध्ये चष्म्याला कन्नडक म्हणतात, तर अण्णा चष्मा मागताना 'कन्नष्मा' म्हणायचे. चिंचेला तिकडे हुणसे. अण्णांच्या तोंडून 'चिंचुणसे' यायचं. डॉक्टर म्हणाले, "बोलत राहा. त्यानेच सुधारेल."

एका रविवारी कोर्टातले त्यांचे जुने सोबती जयसिंगराव भेटायला आले. त्यांना ताक द्यावं म्हणून अण्णांनी मला हाक मारली, "वसू, तज्जिगे आण!" ताक आणि कन्नड मज्जिगे एकत्र झालं होतं. जयसिंगराव खो खो हसले. माणूस वाईट नव्हता, त्यांना खरंच हसू आलं. पण चार भाषांमध्ये ज्याच्या शब्दाला कुणी बोट लावलं नव्हतं, त्या माणसाचा चेहरा असा काही उतरला की मला बघवेना. त्या दिवसापासून अण्णांनी तोंड मिटून घेतलं. हवं ते बोटाने दाखवायचे. माझे यजमान विश्वेश्वर विमानाच्या कारखान्यातून आले की त्यांच्याजवळ बसून काहीबाही विचारायचे. अण्णा नुसती मान हलवायचे.

त्या वेळी मी पुण्याच्या एका मुलांच्या मासिकात जादूची गोष्ट क्रमशः लिहीत होते. त्यात गंगव्वा नावाची वैदीण डोंगरात राहते आणि जादूचे अर्क बनवते. कुठल्या अर्काने काय होतं ते मला भराभर सुचायचं, नावं मात्र सुचत नव्हती. 'दिव्यगमनरसायन', 'अदृश्यकरणी आसव' असली मी ठेवून दिली. संपादकांनी कळवलं, गोष्ट झकास आहे, पण नावं वाचून वैद्याच्या दुकानात शिरल्यासारखं वाटतं. असलं औषध कुठलं मूल आपणहून पिईल?

विश्वेश्वर म्हणाले, "नंबर दे. आमच्याकडे तेलांना नंबरच असतात."

मी डोक्याला हात लावला.

दुपारी अण्णांच्या खोलीत बसून मी लिहिलेलं मोठ्याने वाचत असे. तेवढाच त्यांना विरंगुळा. गोष्टीतली ठकू नावाची मुलगी एक अर्क पिऊन तळ्याच्या पाण्यावरून चालत जाते, तो भाग मी वाचत होते. 'कौमुदीतरणरस' हे नाव आलं आणि अण्णांनी नाक मुरडलं.

"मलाही नाही आवडलं," मी म्हणाले. "अण्णा, यात चांदणं आहे. चांदणं पिते आणि हलकी होते ती. पण त्याला म्हणू काय?"

त्यांचे ओठ हलले. कितीतरी वेळ नुसतेच हलले. मग आवाज आला, "चां... चांदिंगळ."

लगेच त्यांनी तोंडावर हात दाबला. चांदणं, आणि चांदण्याला कन्नडमध्ये बेळदिंगळु!

"अण्णा, हे मी घेऊ?"

त्यांना वाटलं, मीही चेष्टाच करते आहे. ते भिंतीकडे तोंड करून निजले. मी पुष्कळ समजावलं, पण व्यर्थ. मग मी बोलणं सोडलं आणि लिहायला बसले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पाठीमागे बसून वाचायला लागले.

'गंगव्वाने ठकूच्या ओंजळीत चांदिंगळ ओतलं. म्हणाली, "एका घोटात पी, आणि खाली बघू नकोस." ठकूने पाण्यावर पाऊल ठेवलं. पाणी हललंसुद्धा नाही.'

अण्णा या कुशीवर वळले.

"परत," ते म्हणाले.

मी परत वाचलं.

"ठकू... बुडली?"

"नाही अण्णा. पलीकडे पोचली."

त्यांनी शालीच्या टोकाने डोळे पुसले.

त्यानंतर आम्हा दोघांना एक कामच मिळालं. कॉफी झाली की विचारायचे, "आज काय?" गोष्टीत कन्नष्म्याचे दोन थेंब डोळ्यांत घातले की भिंतीपलीकडचं दिसू लागलं. चिंचुणसे चाटलं की खोटं बोलणाऱ्याचं तोंड आंबू लागलं. मी एखादं नाव जोडून दाखवलं तर अण्णा ते दोनदोनदा पुटपुटून बघायचे आणि बहुतेक वेळा नाकारायचे. "मराठी मुलाला अर्धं कळू दे. कन्नड मुलाला अर्धं. बाकीचं... दोघांनी मिळून."

मुलांची पत्रं येऊ लागली. इकडे बोलून बोलून अण्णांचे खरे शब्दही परत येऊ लागले. एकदा त्यांनी स्वच्छ 'चष्मा' मागितला आणि स्वतःच खट्टू झाले. "वसू, मी सुधारलो. आता नावांचं काय?"

"आता मुद्दाम चुकायचं," मी म्हणाले. आजारानंतर पहिल्यांदाच ते पोट धरून हसले.

एकसष्टमध्ये गोष्टीचं पुस्तक निघायचं ठरलं. माझ्या नावाशेजारी अण्णांचं नाव हवं, असा मी हट्ट धरला. ते नको म्हणाले.

"का पण? नावं तुमची आहेत."

"चाळीस वर्षं मी दुसऱ्यांचंच बोललो," अण्णा सावकाश म्हणाले. "चोराचं, सावकाराचं, रडणाऱ्या बाईचं. आपला एक शब्द घालायची मुभा नव्हती. हे शब्द माझे. आणि तू त्यांना चूक म्हणाली नाहीस, पोरी. मला तेवढं पुष्कळ झालं."

खरं तर माझी गोष्ट त्यांनी तारली होती, आभार मी मानायचे होते. मी वाकून नमस्कार केला. पुस्तकावर त्यांचं नाव घातलंच. ते छापून आल्यावर त्यांनी नावावरून दोनदा बोट फिरवून पाहिलं.

त्याच संध्याकाळी, झटका आल्यापासून पहिल्यांदा, ते पिशवी घेऊन एकटे गांधी बाजारात गेले. मी पडवळ आणायला सांगितलं होतं. आले ते भलामोठा दुधी घेऊन.

"भाजीवालीला माझं कळलं नाही की मला तिचं, देव जाणे," अण्णा पायरीवर टेकत म्हणाले. "पण पुष्कळ बोललो बघ."

मी दुधी चिरायला घेतला.