ओढ्यापलीकडे तोंड केलेला भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. लग्नाच्या मांडवाबाहेर उंच बांबूवर बांधतात ना, तो! माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला ठाऊक नाही. पहिलं आठवतं ते शहापूरच्या बाजारातलं दुकान आणि माझ्या पत्र्यावर टिचकी मारून पाहणारा लडकू. त्याने मला गोणपाटात गुंडाळून एस.टी.च्या टपावर टाकलं आणि धसईपलीकडच्या आपल्या गावी आणलं.

लडकूकडे आधी जुन्या हिंदी गाण्यांच्या रेकॉर्डी होत्या, मग कॅसेटी आल्या. बारसं असो की लग्न, तो तीच गाणी लावायचा. गंमत म्हणजे हिंदीत दोन वाक्यं धड न बोलणारी माणसं ती सगळ्या कडव्यांसह म्हणायची. तंबाखू मळणारे म्हातारे हात थांबवून ऐकायचे. गाणं कुणाचं, गळा कुणाचा, आणि लोक म्हणायचे, "भोंगा काय वाजतोय!" मीही फुकटचा फुगून जायचो.

पुढे डीजे आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. एका कोंबडीने माझ्यात अंडी घातली. रागावणार कोणावर? निदान तिच्या तरी उपयोगी पडलो.

मग २००४ साली लडकूच्या शेजारच्या नामाच्या घरी, त्याच्या मुलीची, रविनाची हळद निघाली. आमच्याकडे हळदीचा पहिला हात आत्याचा. रविनाची आत्या गुणाबाई ओढ्यापलीकडच्या पाड्यावर दिलेली. पण सहा वर्षांपूर्वी घोळ झाला होता. नामाच्या मुलाच्या, पंकजच्या हळदीला ती त्याच्यासाठी कपडे आणायला धसईला गेली, तिची बस चुकली, आणि इकडे लोकांनी घाईत हळद लावून टाकली. ती मांडवाच्या दारातूनच परत फिरली. तेव्हापासून बहीणभावाचा अबोला. या वेळी नामा दोनदा आमंत्रण देऊन आला. तिने पाणी दिलं, पण तोंड उघडलं नाही.

हळदीच्या दिवशी रविना पाटावर बसली. वाटीतली हळद सुकायला लागली. बायांची कुजबुज सुरू झाली. तेव्हा नामा लडकूकडे आला.

"लडकू, तुझा भोंगा हाय का रे अजून? गुणाच्या हळदीला वाजलेला?"

लडकूने मला पुसून बाहेर काढलं. पंकज म्हणाला, "बाबा, डीजे असताना हा कशाला? लोकं हसतील."

"हसू दे. डीजे छातीत वाजतो, ओढ्यापार शब्द नाय जात. लडकू, तोंड तिकडं कर."

स्वतःच्या हळदीला गुणाबाईने एक गाणं तीनदा लावायला लावलं होतं. आधी बाईचा एकटा आवाज, मग मागून हळूच बासरी. तेच लागलं. पहिल्या ओळीला मी नुसता खरखरलो. मला रडू आलं. मग घसा सुटला.

गाणं संपलं. "पुन्ना लाव," नामा म्हणाला. संपलं. "पुन्ना." मांडवातल्या म्हाताऱ्या गुणगुणू लागल्या. पंकजने आपणहून डीजे बंद केला. दिवस कलंडला, तरी कोणी हळदीला हात लावला नाही.

चौथ्यांदा बासरी लागली आणि बांबूवरून मला सर्वांच्या आधी दिसलं. समोरच्या उतारावरून एक बाई झपाझप येत होती.

गुणाबाई मांडवाच्या दारात थांबली. "या टायमाला तरी थांबलास का रे?"

नामाच्या आधी रविनाच पाटावरून ओरडली, "थांबलोय गो आत्या! कवाची बसलेय मी!"

गुणाबाईने भाचीच्या गालाला पहिली हळद लावली आणि हाताला उरलेली भावाच्या तोंडावर फासली. दोघं रडता रडता हसत होती.

मित्रांनो, ती गाणी गाणाऱ्यांना मी कधी पाहिलं नाही. त्यांचे उपकार मात्र जन्मभर विसरणार नाही. नामाला जे सहा वर्षं बोलता आलं नाही, ते त्यांनी माझ्या पत्र्याच्या घशातून बोलून दाखवलं. म्हणून एवढंच मागतो. जुन्या कॅसेटी पुसू नका, आम्हा भोंग्यांना अधूनमधून फडकं मारा. आणि तुमच्यातलं कोणी रुसून बसलं असेल, तर आमचं तोंड त्याच्या घराकडे करा आणि तो येईपर्यंत हळद थांबवून ठेवा.