रविवारचा ताप

"वर बघ की गं, जिस्लेन! एवढ्या लांब आलीस ती काय फरशी बघायला?" गायनमंडळातल्या बर्नादेतनं कोपरानं ढोसलं.

जिस्लेननं मान वर केली. शार्त्र गावच्या कॅथेड्रलमध्ये उन्हातून शिरलं की आधी काहीच दिसत नाही. मग खिडक्यांची ती चित्रं काढलेली निळी काच हळूहळू उजळत जाते. मंडळातल्या बाकीच्या बायका "अगं बाई!" करत माना मोडून घेत होत्या. सुंदर होतंच ते, नाही कोण म्हणतं? पण चोराच्या मनात चांदणं. तिला वाटत होतं, खिडकीतला एकेक संत आपल्यावरच डोळे रोखून उभा आहे.

झालं होतं असं. रविवार म्हणजे ताईचा वार. थोरली बहीण सोलांज वृद्धाश्रमात गेल्यापासून दर रविवारी जिस्लेन केकवाल्याकडून रिबीन बांधलेला खोका घ्यायची आणि ताईला कॉफीबरोबर क्रीम भरलेलं एक्लेअर भरवायची. हिचा स्वतःचा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेलेला, सहलीबिहली ठाऊकच नव्हत्या. या खेपेला मंडळ निघालं आणि तिलाही मोह झाला. एका रविवारानं काय आभाळ कोसळतंय? खरं सांगितलं असतं तर ताई "जा की, मजा कर" म्हणाली असती, आणि नेमकं तेच हिला सोसलं नसतं. म्हणून शनिवारी फोनवर आवाज खोल काढला. "ताई, तापानं फणफणलेय गं. उद्या नाही जमायचं."

"अगं, पण ऐक तर, उद्या आमची..." ताई सांगत होती, तेवढ्यात हिनं खोकत खोकत फोन ठेवला.

आणि ही ताई कोण? आई गेल्यावर बुटांच्या कारखान्यात शिलाई करून हिला वाढवणारी. स्वतःच्या लग्नाचं नाव न काढणारी.

जिस्लेननं ताईच्या नावानं एक मेणबत्ती लावली. बहिणीशी खोटं बोलायचं आणि वर देवाला लाच द्यायची! तिची तिलाच लाज वाटली.

तेवढ्यात दारातून चाकाच्या खुर्च्यांची रांग आत आली. तिसऱ्या खुर्चीवरची जांभळी शाल जिस्लेननंच विणलेली होती.

"उद्या आमची..." म्हणजे आमची सहल! ताई हिलाच बरोबर बोलावणार होती. जिस्लेन खांबाआड सरकली. ताईची मान वाकलेली, जमिनीपलीकडे तिला काही दिसत नाही, म्हणजे आपण सुटलो असं तिला वाटलं. आणि असं वाटल्याबद्दल स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

खुर्ची नेमकी तिच्यासमोरून जायला लागली.

"थांबा जरा," सोलांज म्हणाली. तिची नजर जिस्लेनच्या बुटांवर होती. उजवी टाच बाहेरच्या अंगानं झिजलेली. लहानपणापासून ही पोर तशीच चालायची.

"ओळखीच्या का?" खुर्ची ढकलणाऱ्या बाईंनी विचारलं. त्या चर्चतर्फे वृद्धाश्रमाच्या मदतीला पहिल्यांदाच आलेल्या.

"छे हो. माझं माणूस म्हणजे बहीण, ती घरी तापानं पडलीय. तुम्ही टेका जरा, दमलात." त्या बाकाकडे गेल्यावर सोलांज बुटांना उद्देशून म्हणाली, "बाई, माझी मान वर होत नाही. या खिडकीत काय आहे, सांगाल?"

जिस्लेननं मान वर करून बघितलं. "एक वाटसरू आहे. चोरांनी मारून रस्त्यात टाकलाय. उघडाबोडका."

"अरेरे. मग?"

"मग एक धर्मगुरू आला. बघितलं, आणि गेला पुढं. मागून दुसरा आला. तोही तसाच."

"बघूनसुद्धा?"

"बघूनसुद्धा."

"असू दे हो," सोलांज म्हणाली. "त्यांनाही कधीतरी एक रविवार मोकळा हवा असेल."

जिस्लेन खुर्चीपुढं गुडघ्यावर बसली. "ताई, मला ताप नाहीये गं. मी खोटं बोलले."

आता दोघींचे चेहरे समोरासमोर आले. सोलांजनं वाकडी झालेली बोटं उचलली आणि तिच्या कपाळावर टेकवली. आधी तळवा, मग हाताची मागची बाजू. बराच वेळ.

"आहे," ती म्हणाली. "थोडा आहे. घरी गेलीस की गरम सूप पी आणि पडून राहा."

त्या बाई परत आल्या. जिस्लेन डोळे पुसत घाईनं म्हणाली, "राहू द्या, मी ढकलते हिला."

"नको," सोलांज म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आजारी माणसाकडून कामं करून घेत नाही मी."

खुर्ची पुढच्या खिडकीकडे गेली. तिकडून ताईचा आवाज आला, त्या बाईंना विचारत होती, "आणि इथं वर काय आहे हो?"